असईचा वाटाड्या आणि पात्रमुखी कविता

असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा व कंपनीचे सैन्य यांत लढाई झाली. केळणेला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले; परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर गावे पाहून आर्थर वेलस्लीने उतार ताडला. ही साक्षही वेलस्लीचीच. वाटाड्यांचे अज्ञान होते की हेतुपुरस्सर नकार, हे त्यातून कळत नाही. विद्यार्थ्यांनी कविता लिहावी ती अशा वाटाड्याच्या मुखातून. एकनाथांच्या भारुडांत जोशी स्वतःच बोलतो; तेव्हा ही रीत मराठवाड्याला परकी नव्हे. नदी, गावे, तिथी मात्र बदलू नयेत. वाटाड्याला देशभक्त ठरविण्याची घाईही नको. पुरावा तेवढे सांगत नाही.