कंपवात : पूरक औषधाची कसोटी

नाशिक : मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होत गेल्या, की हालचाली मंदावतात, अंग ताठरते आणि हाताला कंप सुटतो. हाच कंपवात, अर्थात पार्किन्सन्स. लेव्होडोपा हे त्यावरील मुख्य औषध. मात्र काही वर्षांनी एका गोळीचा अंमल दुसऱ्या गोळीपर्यंत टिकेनासा होतो. हालचाल सुकर असणारा काळ 'ऑन', तर शरीर जखडणारा काळ 'ऑफ' म्हणून ओळखला जातो. अशा वेळी लेव्होडोपाच्या जोडीला पूरक औषध दिले जाते.

त्याची उपयुक्तता कशी ठरते? चाचणीत सर्वांचे लेव्होडोपा सुरूच असते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून एका गटाला नवे औषध, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषधी गुण नसलेली गोळी दिली जाते. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला वा डॉक्टरांना ठाऊक नसते. दर अर्ध्या तासाची स्थिती रुग्ण रोजनिशीत नोंदवतो.

सॅफिनामाइडची चाचणी हे याचे बोलके उदाहरण. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या 24 आठवड्यांच्या चाचणीत 669 रुग्ण होते आणि त्यांतील बहुसंख्य भारतातील होते. औषध घेणाऱ्यांचा चांगला 'ऑन' काळ दिवसाला सरासरी सुमारे 1.36 तासांनी वाढला. मात्र औषधाविना गोळी घेणाऱ्यांचाही 0.97 तासांनी वाढला! सांख्यिकी हिशेबानंतर औषधाचे श्रेय उरले ते सुमारे अर्ध्या तासाचे. तुलनेचा गट नसता, तर आशेचा परिणामही औषधाच्या खात्यावर जमा झाला असता. या औषधाला युरोपात 2015 मध्ये, तर अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली.

नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्ही शाखा येतात. कसोटी मात्र दोहोंना एकच हवी. खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. त्यापासून बनविलेल्या 'एचपी-200' या औषधाचा 60 रुग्णांवरील 12 आठवड्यांचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांत सुधारणा दिसली. परंतु तुलनेचा गट नसल्याने तिच्यातील औषधाचा वाटा किती, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय लेव्होडोपा सुरू असताना हे चूर्ण परस्पर घेतल्यास मात्रा वाढून अनैच्छिक हालचाली उद्भवू शकतात.

चाचणीत सहभागी होण्यापूर्वी

- भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतील नोंद पाहावी. 2007 मध्ये सुरू झालेली ही नोंदवही संगणकावर सर्वांना खुली आहे.
- नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे विचारावे.
- संमतीपत्र आपल्या भाषेत वाचूनच सही करावी.
- 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे.
- चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. मात्र लेव्होडोपा स्वतःहून अचानक थांबवू नये.

'पूरक औषधाने बरे वाटते का?' एवढेच विचारून भागत नाही. 'औषधाविना गोळीपेक्षा किती अधिक?' हा प्रश्नही रुग्णाने आणि कुटुंबीयांनी डॉक्टरांना विचारायला हवा.