कडप्पा, सायकलची ट्यूब आणि अप्पाकाकांची वायर

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात डोंबिवलीच्या घराचा माळा रिकामा करताना कडप्प्याची एक लादी निघाली. दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद, वजनाला दहा-अकरा किलो. तिच्याखाली लहान मुलांच्या सायकलची एक ट्यूब, रबर पार चिरलेलं. भाचीने विचारलं, "मामा, ओटा फोडला होता का कुणी?" तिला सांगायला लागलो आणि सांगता सांगता लक्षात आलं की ही गोष्ट अर्धीच आपली आहे. उरलेली अर्धी अमेरिकेतल्या नि इंग्लंडमधल्या लोकांची. म्हणून हा लेख. (घरच्यांना अर्धी गोष्ट माहीत आहे, त्यांनी मधला भाग तरी वाचावा.)

आमची इमारत रेल्वेच्या रुळांना लागून. जलद गाडी गेली की फडताळातल्या कपबशा वाजायच्या. अशा घरात अप्पाकाकांनी चोरबाजारातून जुनं टर्नटेबल आणलं. बँकेतली नोकरी, लग्न न केलेलं, पगारातला बराच हिस्सा रेकॉर्डवर. भीमसेनांची एलपी लावावी, विलंबित सुरू व्हावं, आणि मागून कर्जत फास्टने खर्ज लावावा! स्पीकरमधून घरघर येई ती वेगळीच. ती गाडीचा आवाज हवेतून येण्याआधी सुरू व्हायची आणि गाडी गेल्यावरही थोडी रेंगाळायची.

कारण सोपं आहे. रेकॉर्डच्या खाचेत सुई जी हालचाल वाचते, ती बारीक सुरांच्या वेळी मायक्रॉनहूनही लहान असते. सुईला गाणं आणि गाडी यांतला फरक कळत नाही. ती फक्त आपण आणि खाच यांतलं अंतर बदललं की ते वर कळवते. जुन्या मोनो रेकॉर्डमध्ये सुईची फक्त आडवी हालचाल मोजली जाई. १९५७-५८ साली स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. त्यांत दोन बाजूंचे आवाज खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेले, त्यामुळे सुईची उभी हालचालही मोजावी लागली. तोवर दुर्लक्षित राहिलेली जमिनीची, मोटरची, बेअरिंगची उभी थरथर एकदम ऐकू यायला लागली. म्हणजे आवाज सुधारला आणि घरघर वाढली, दोन्ही एकाच कारणाने.

यावरचा सगळ्यात देखणा इलाज एडगर विल्चर या माणसाचा. १९५४ साली त्याने हेन्री क्लॉसबरोबर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरणारा छोटा स्पीकर आधी केला, आणि १९६१ साली टर्नटेबल. त्यातली युक्ती अशी: फिरणारी थाळी आणि सुईचा दांडा हे दोन्ही एकाच सांगाड्यावर बसवायचे, आणि तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर टांगायचा. मोटर त्या सांगाड्यावर नाही, वेगळी, आणि दोघांमध्ये फक्त रबरी पट्टा. आता धक्का बसला तर थाळी आणि सुई एकत्र झुलतात. पाळण्यातली आई आणि मांडीवरचं मूल एकत्र हलावं तसं. दोघांतलं अंतर बदलत नाही, म्हणून सुईला धक्क्याची खबरच लागत नाही. इतकी साधी गोष्ट, पण स्टिरिओ येऊन तीन-चार वर्षं झाली तेव्हा ती झाली. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडातल्या नामवंत टर्नटेबलांनी वर्षानुवर्षं याच झुल्यावर संसार केला.

अप्पाकाकांना विल्चर माहीत नव्हता. त्यांना माहीत होती सायकलची ट्यूब. दुपदरी घालून अर्धवट हवा भरलेली ट्यूब टेबलावर, तिच्यावर कडप्पा, कडप्प्यावर टर्नटेबल. (कडप्पा मार्बलवाल्याकडून तुकड्याच्या भावात.) जड वस्तू मऊ स्प्रिंगवर ठेवली की ती सावकाश हिंदकळते, सेकंदाला साधारण तीन-चार वेळा. त्या वेगाच्या दीडपटीपेक्षा जास्त वेगाची थरथर खालून आली तर ती वर कमी पोचते, आणि जितकी जलद तितकी कमी. गाडीची घरघर सेकंदाला काही दहा वेळा थरथरणारी, म्हणून ती बहुतेक गळून पडली. पहिल्या संध्याकाळी बाबा, काका आणि मी पाठोपाठ तीन गाड्या ऐकल्या, म्हणजे ऐकल्या नाहीत! काकांनी पेढे आणले होते.

पण फुकट काही मिळत नाही. ज्या वेगाने तो झुला स्वतः हलतो, त्या वेगाची थरथर तो कमी करत नाही, उलट वाढवतो. घरात धावणाऱ्या मुलांची पावलं नेमकी त्याच वेगाची. त्यामुळे आमचं बालपण "हळू चाला रे!" ऐकण्यात गेलं. गाडीला परवानगी, आम्हाला नाही. पुढे काकांनी सगळं भिंतीतल्या कंसावर नेलं, तेव्हा आम्ही मोकळे झालो.

इथवर बाबांची काहीच तक्रार नव्हती. बाबा तार खात्यात होते, आणि ट्यूबवर त्यांचा विश्वास बसला होता कारण फरक त्यांनी स्वतः ऐकला होता. भांडण झालं ते वायरवरून.

स्पीकरच्या वायरचा इतिहास तसा छोटा आहे. १९७०च्या दशकापर्यंत जगभर लोक टेबललॅम्पला असते तसलीच जोडवायर स्पीकरला लावत. नोएल ली नावाचा इंजिनियर लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरवर काम करायचा आणि ड्रम वाजवायचा. त्याने वेगवेगळ्या वायरी लावून ऐकल्या आणि १९७९ साली 'मॉन्स्टर केबल' कंपनी काढली. त्यानंतर वायर ही वस्तू न राहता दागिना झाली. जाड, चमकदार, खोक्यात मखमल.

२००५ साली अप्पाकाका निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून त्यांनी अशी एक वायर घेतली. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे, अठरा हजार रुपये. बाबांनी त्याच जाडीची, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लॅमिंग्टन रोडवरून आणली, ती दोनशेच्या आत. मग दोघांची जुंपली.

"दादा, तू ऐक तरी. तंबोऱ्याची जवारी किती मोकळी झालीय!"

"अरे, मुंबईहून एडनला तार पोचली १८७० साली. तुला दहा फुटांत काय अडतंय?"

बाबांचा टोमणा वाटतो तेवढा वरवरचा नव्हता. वायरमध्ये आवाज बिघडतो ही कल्पना आली मुळात समुद्रातल्या तारांतून. १८५८च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागरातून पहिली तार गेली. राणी व्हिक्टोरियाचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पोचायला सोळा तास लागले, कारण एका टोकाला दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला पसरट, उशिरा आणि दुसऱ्या ठोक्यात मिसळून येई. विल्यम थॉमसनने आधीच गणित मांडलं होतं की हा उशीर लांबीच्या वर्गाने वाढतो. तिथला विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस याने ते मानलं नाही, सुमारे दोन हजार व्होल्टचे दणके दिले, आणि तार महिनाभरही टिकली नाही. ते गणित पुढे पूर्ण केलं ऑलिव्हर हेविसाइडने. हा स्वतः तारमास्तर होता, आणि लहानपणच्या आजाराने त्याचं ऐकणं अधू झालेलं! 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई-एडन तार टाकली तोवर हे शास्त्र बरंच उमगलं होतं.

महागड्या वायरींच्या माहितीपत्रकांत हेविसाइडची समीकरणं छापलेली मी पाहिली आहेत. समीकरणं खरीच आहेत. पण माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजाची, सेकंदाला वीस हजार कंपनांची, वायरमधली तरंगलांबी दहा किलोमीटरच्या घरात असते. तीन मीटर म्हणजे तिच्या पासंगालाही पुरत नाही. एवढ्याशा अंतरात उरतो तो तांब्याचा विरोध, आणि दोन्ही वायरींची जाडी सारखी. बारीक वायर असती तर गोष्ट वेगळी. १९८३ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने डोळे झाकून केलेली चाचणी छापली, तिच्यात अगदी बारीक वायर लोकांना ओळखू आली, पण जाड साधी आणि जाड महाग यांत गाणं ऐकून फरक सांगता आला नाही.

वायरने काहीच होत नाही असंही नाही हं. टर्नटेबलमधून निघणारा विद्युतदाब असतो चार-पाच हजारांश व्होल्ट. तिथल्या वायरचं जाळीदार आवरण तुटलं की घरातली वीज गुणगुणायला लागते. काकांच्या स्पीकरमधली अशी गुणगुण बाबांनीच एका रविवारी अर्थिंगचा टाका पुन्हा मारून घालवली होती. खर्च शून्य.

वायरीवरून दोघांचं रविवारचं एकत्र ऐकणं बंद पडलं. आई म्हणाली, "तुम्ही शिकलेले ना? काय ते एकदा बघून टाका." म्हणून २००६च्या गणपतीत मी चाचणी केली. चुलत बहीण पडद्यामागे, नाणं उडवून वायर बदलणार किंवा बदलल्याचं नाटक करणार. समोर काका आणि बाबा, हातात कागद-पेन्सिल. दहा फेऱ्या.

काकांच्या पाच बरोबर आल्या. म्हणजे नाणंच.

बाबा विजयी मुद्रेने उठले, तेव्हा बहिणीने बाबांचा कागद वाचला. त्यांनी चार ठिकाणी लिहिलं होतं "ही स्पष्ट चांगली", आणि त्यांतल्या तीन वेळा तिने वायर बदललीच नव्हती. बाबा परत बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला मात्र त्या दिवशी दुसरंच काही दिसलं, आणि ते सांगावं की नाही हे कळेना. आवाजाची पातळी जुळवायला मी चाचणी-सुरांची एक सीडी लावली होती. सेकंदाला सहा हजार कंपनांच्या पुढचे सूर वाजत होते तेव्हा काका म्हणाले, "लाव ना." सीडी वाजतच होती. म्हणजे जवारी मंद झाली होती ती वायरमध्ये नव्हती. दोन वर्षं काका सुई बदलत होते, पाय बदलत होते, शेवटी वायर बदलली, आणि प्रत्येक वेळी आठवडाभर त्यांना खरंच मोकळं वाटायचं.

पंधरा दिवसांनी सांगितलं. "काका, तुम्ही एकदा कान तपासून घ्या." ते माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "दादाला सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. "मग नको सांगूस." तपासणीला मी गेलो त्यांच्याबरोबर. बाबांना ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही, निदान आमचा तरी तसा समज आहे. श्रवणयंत्र काकांनी लावलं ते २०१४ साली, बाबा गेल्यानंतर.

त्या यंत्राची माहिती काढताना विल्चर पुन्हा भेटला. टर्नटेबलवाला तोच. १९६७ साली कंपनी विकून तो बहिरेपणाकडे वळला. कान गेलेल्या माणसाला सगळंच मोठं करून ऐकवलं तर मोठे आवाज असह्य होतात. म्हणून बारीक-जाड सुरांचे पट्टे वेगळे करायचे आणि प्रत्येकात हळू आवाजच तेवढे जास्त उचलायचे, हे त्याने १९७३ साली प्रसिद्ध केलं. पेटंट घेतलं नाही. आजची बरीचशी यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. २०११ साली तो वारला.

लादी मी ठेवून घेतली आहे, ट्यूब टाकली. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. रविवारी गेलो की एक बाजू ऐकतो. त्या गणपतीनंतर दोघा भावांनी आपसांत तह केला होता, तो अजून पाळला जातो: डाव्या स्पीकरला अठरा हजारांच्या वायरीतली एक, उजव्याला बाबांची लॅमिंग्टन रोडची. दुसरा महागडा तुकडा खोक्यात, मखमलीत. काकांची खुर्ची मधोमध असायची, ती हल्ली थोडी उजवीकडे सरकलेली असते. विचारलं तर म्हणतात, पंख्याचा वारा लागतो म्हणून.