दोन सेकंदांची वंशावळ

ऑक्टोबर 2023 मध्ये कतारच्या शर्यतीत लँडो नॉरिसची मॅक्लारेन पिटमध्ये शिरली, चारही चाकं बदलून निघालीसुद्धा. घड्याळात 1.80 सेकंद! या विक्रमाचं कौतुक मेकॅनिकांच्या वाट्याला आलं आणि ते रास्तच होतं. पण पिट स्टॉपचं मूळ शोधत मागे गेलं की दर वळणावर नियमावलीच भेटते.

1950 साली फॉर्म्युला वनची जगज्जेतेपदाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा दोन प्रकारची इंजिनं चालत: सुपरचार्जरसह दीड लिटरचं किंवा त्याशिवाय साडेचार लिटरचं. अल्फा रोमिओनं पहिला मार्ग धरला. गाडी वेगवान, पण इंधनाच्या बाबतीत भलतीच खादाड. शर्यती 300 किलोमीटरहून मोठ्या असायच्या, त्यामुळे मध्येच थांबून टाकी भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

थांबणं हा डावही असू शकतो, हे 1957 मध्ये न्यूरबर्गरिंगवर दिसलं. 46 वर्षांचा चालक फांजिओ मासेरातीत अर्धीच टाकी भरून उतरला. गाडी हलकी, टायर मऊ. आधी आघाडी कमवायची, मग निवांत थांबायचं, असा बेत. प्रत्यक्षात पिटमध्ये गोंधळ उडाला. तेव्हा चाकाचा नट हातोड्यानं ठोकून काढत आणि ठोकूनच बसवत. फांजिओ बाहेर पडला तेव्हा हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांच्या फेरारी पाऊण मिनिटाच्या आसपास पुढे निघून गेल्या होत्या. मग त्यानं फेरीमागून फेरी विक्रम मोडत शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही गाठलं आणि शर्यत जिंकली. पाचवं जगज्जेतेपदही तिथेच पक्कं झालं. ही कथा फांजिओच्या पराक्रमाची म्हणून सांगतात. फसलेल्या पिट स्टॉपची म्हणूनही ती तेवढीच रंगते.

पुढच्याच वर्षी शर्यतींची लांबी घटली आणि एका टाकीत काम भागू लागलं. पुढची दोन दशकं पिटमध्ये शिरणं म्हणजे बहुधा काहीतरी बिघडल्याची खूण.

1982 मध्ये ब्रॅबम संघाचा डिझायनर गॉर्डन मरे यानं फांजिओचाच हिशेब पुन्हा मांडला. पिट स्टॉपमध्ये जाणाऱ्या वेळेपेक्षा हलकी गाडी आणि मऊ टायर जास्त कमावून देतात. त्यानं दाबाखाली इंधन सोडणारी यंत्रणा केली. गार टायर घेऊन बाहेर पडल्यास वेळ जातो, म्हणून टायर तापवायची सोयही केली. ऑस्ट्रियात हा डाव प्रत्यक्षात खेळला गेला आणि 1983 मध्ये बाकीचेही त्याच वाटेनं निघाले. त्या वर्षी ब्राझीलमध्ये केके रोसबर्गच्या विल्यम्सनं पिटमध्ये पेट घेतला. त्यानं बाहेर उडी मारली, आग विझल्यावर पुन्हा आत बसला आणि दुसरा आला. मात्र गाडी ढकलून सुरू केल्याबद्दल तो बाद ठरला. 1984 पासून इंधन भरायला बंदी आली.

ती 1994 मध्ये उठली आणि त्याच वर्षी हॉकेनहाइमला जॉस व्हर्स्टॅपेनची बेनेटन ज्वाळांत सापडली. तरीही इंधन भरण्याची पद्धत 2009 पर्यंत टिकली. त्या काळात चाकं कितीही चपळाईनं बदलली तरी फारसा फरक पडत नसे. नळीतून इंधन जायचं ते ठरलेल्या वेगानंच. सगळे तिच्याकडे बघत उभे.

मधलं 2005 साल तर नियमकर्त्यांच्या हौसेचं. पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायर-संचावर! न्यूरबर्गरिंगला आघाडीवरच्या किमी रायकोनेनचा पुढचा टायर घासून चपटा पडला. बदलावा तर जिंकणं हातचं जाणार. तो तसाच दामटत राहिला, हादऱ्यांनी शेवटच्या फेरीत सस्पेन्शन मोडलं आणि विजय अलोन्सोला मिळाला. वर्षभरात तो नियम गुंडाळला गेला.

2010 मध्ये इंधन भरण्यावर पुन्हा बंदी आली आणि दोन सेकंदांचा खरा जन्म झाला. नळी गेली, आता वाचवायचा तो वेळ फक्त चाकांचा. प्रत्येक चाकाला एकच नट आणि तीन माणसं: एक नट सोडवणारी-आवळणारी बंदूक चालवणारा, एक जुनं चाक काढणारा, एक नवं बसवणारा. जॅकवाले वेगळेच.

शर्यत कोरडी असेल तर किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात, म्हणून थांबणंही सक्तीचं. 2025 मध्ये मोनॅकोत तर प्रत्येकाला किमान दोनदा थांबायला लावलं. काही संघांनी तोड काढली: एका चालकानं मुद्दाम रेंगाळायचं, मागच्यांना अडवून धरायचं, म्हणजे साथीदाराला थांबूनही जागा राखता येते. मॅक्स व्हर्स्टॅपेन मात्र शर्यत थांबवणारा लाल बावटा फडकेल आणि फुकटात टायर बदलता येतील या आशेवर दुसरा थांबा लांबवत राहिला. आघाडीवर असूनही शेवटून दुसऱ्या फेरीअखेर त्याला पिटमध्ये वळावंच लागलं आणि तो चौथा आला.