पदकाच्या कडेवरचे नाव

लष्करी पदकाला तीन बाजू असतात. एका बाजूवर राजाचा नाहीतर राणीचा मुखवटा, दुसरीवर घोडेस्वार, विजयदेवता असे काहीतरी. तिसरी बाजू म्हणजे कड. ती जेमतेम दोनतीन मिलिमीटर जाडीची असते, पण शिपाई सापडतो तो याच कडेवर. त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तेथे इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असतात. आपल्या वस्त्यांतून, विहारांतून आणि काही सरकारी संग्रहालयांतूनही मी पदकांच्या पेट्या पाहिल्या. जवळजवळ सगळीकडे पदक लाल मखमलीवर आडवे चिकटवलेले. राजा पाहणाऱ्याकडे तोंड करून बसलेला, शिपाई मखमलीत गाडलेला. एका ठिकाणी तर खाली चिठ्ठी होती, ‘ब्रिटिशकालीन पदक’. कोणाचे? ते विचारायला कोणी तेथे नव्हते.

पेटी कशी बांधावी हा सुतारकामाचा प्रश्न दिसतो. आपल्या बाबतीत तो इतिहासलेखनाचा प्रश्न आहे.

ज्या माणसाला गावच्या दप्तरात जातीच्या नावापलीकडे फारसे स्थान नव्हते, त्याचे नाव राज्यसत्तेने धातूवर कोरले, ही घटना साधी नाही. कोरेगाव भीमाच्या दगडी स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महारांची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले आणि त्या दगडाला आपल्या चळवळीत जागा मिळाली. पण दगडावर मेलेल्यांची नावे असतात. जे जगून परत आले त्यांचे काय? त्या लढाईसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले १८५१ मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी, आणि तेही तोवर हयात असणाऱ्यांनाच. वीस वर्षांचा जवान तेव्हा त्रेपन्नाचा झाला होता. अर्ज करायचा तर लिहिता येणारा माणूस शोधणे आले. पदकापर्यंत किती जण पोचले असतील याचा अंदाज वाचकाने करावा.

पुढे १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा विनंतीअर्ज पाठवला. या अर्जांचा सारा युक्तिवाद पूर्वजांच्या लष्करी सेवेवर उभा आहे. आमच्या आजोबांनी, पणजोबांनी पलटणीत काम केले, मग आम्ही नालायक कसे, हा त्यातला प्रश्न. त्याचा पुरावा कुठे होता? कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या कोनाड्यात, जुन्या पटक्याच्या चिंधीत गुंडाळलेला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला हा प्रश्न पटला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली तशी १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा महायुद्ध आले तेव्हा, १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी झाली.

पहिल्या महायुद्धाच्या पदकाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांत ते अजूनही सापडते. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ बंदूकधारी शिपायाला चांदीचे मिळाले. हिंदी, चिनी, माल्टी मजूर तुकड्यांतील माणसांना तेच पदक, त्याच छापाचे, ब्राँझचे दिले गेले. राजा तोच, घोडेस्वार तोच. ओझी वाहणाऱ्याच्या आणि रस्ते खोदणाऱ्याच्या छातीसाठी धातू मात्र हलका. जातिव्यवस्थेला साहेबाच्या टांकसाळीत परके वाटले नसते! चांदीचे पदक सोनाराकडे गेले, कारण त्याला भाव होता. कुणाच्या लग्नात, कुणाच्या आजारपणात, कुठे दुष्काळात ते वितळले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १९८० च्या जानेवारीत चांदी भडकली तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये लोकांनी ही पदके वजनावर विकली. ब्राँझला सोनार विचारीना, म्हणून ते उरले. तेव्हा कुणाकडे काळे पडलेले ब्राँझचे पदक निघाले तर ‘हे साधे आहे’ म्हणून बाजूला टाकू नका. चांदीच्या शेजारी ते ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याला न सांगताच कळेल.

आता राखण्याविषयी. पहिला शत्रू आपले प्रेम. जयंती आली की पदके ब्रासोने घासण्याची पद्धत आहे. प्रत्येक घासणीत धातूचा पातळ थर जातो आणि कडेवरची अक्षरे सर्वांत आधी बुजतात. मी असे एक पदक हाताळले आहे की ज्यावर राजाची दाढी मोजता येते, पण शिपायाच्या नावातली दोनच अक्षरे उरली आहेत. चांदीवरचा काळा थर गंधकाचा असतो. तो दिसायला वाईट, पण नाव खात नाही. धूळ मऊ ब्रशने झाडावी, बोटे लावू नयेत, एवढे पुरे.

दुसरा शत्रू पेटीच. आपला सुतार हौसेने प्लायवूडची नाहीतर सागवानी पेटी करतो, आत मखमल चिकटवतो, वर काच घट्ट बसवतो. कोणतेही लाकूड कमीअधिक प्रमाणात आम्ल वाफ सोडते. प्लायवूडमधले आणि सुताराचे पांढरे गोंदही सोडतात. बंद पेटीत ती वाफ कोंडते आणि धातू कळकतो. लोकरीचे कापड आणि रबर यांतून गंधक येते, त्याने चांदी काळवंडते. ब्रिटिश म्युझियममधल्या ऑडी नावाच्या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यासाठी एक चाचणी मांडली. चांदी, तांबे आणि शिसे यांचे स्वच्छ तुकडे त्या लाकडाच्या किंवा कापडाच्या नमुन्याबरोबर, थोड्या पाण्यासह काचेच्या बंद नळीत घालायचे आणि ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचे. तुकडे काळे-पांढरे पडले तर ते सामान पेटीत नको. आपल्या हायस्कुलांतल्या विज्ञानशिक्षकांना हे जमण्यासारखे आहे. कोकणात शिसे तर जाळ्याच्या गोळ्यांतच मिळते.

तेव्हा दुकानाच्या शोकेसला लागतात तशा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि काच घ्यावी. तळाला धातूचा पत्रा, त्यावर खळ जाईपर्यंत दोनदा धुतलेला मांजरपाट. पत्र्याखाली चोरकप्पा ठेवून त्यात सिलिका जेल घालावे. पावसाळ्यात दमट हवा शोषून ते भरते, मग काढून तापवले की पुन्हा कामाला येते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत याला पर्याय नाही, कारण मिठाने ब्राँझवर हिरवा रोग चढतो. पेटीत ट्यूबलाइट नको आणि पेटी खिडकीसमोर नको. फितीचे रेशमी रंग उजेडाने उडतात आणि ते परत येत नाहीत. पाहणारे नसतील तेव्हा वरून जाड कापड टाकावे. डिस्चार्जचे मूळ कागद आत लावू नयेत, त्यांच्या प्रती लावाव्यात.

आणि कड. पदक फितीला टांगले तर वजनाने जुने रेशीम तुटते. म्हणून ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात खाच पाडून पदक उभे करावे, फीत मागे सैल पसरावी, आणि बाजूला लहान आरसा तिरका लावावा. आरशात अक्षरे उलटी दिसतात, पण दोन आरसे काटकोनात लावले की सुलटी होतात. शेजारच्या पाटीवर ते नाव मराठीत, जसे कडेवर आहे तसेच ‘नाक’सकट लिहावे. नातवंडांनी पुढे घेतलेले आडनाव कंसात द्यावे. नाव सभ्य दिसावे म्हणून ‘नाक’ गाळण्याचा मोह काही कार्यकर्त्यांना होतो. तो मला मान्य नाही.

इंग्रजांच्या चाकरीची पदके कशाला मिरवायची, असे विचारणारे तरुण भेटतात. प्रश्न रास्त आहे. पेटीतल्या पाटीवर त्यांनी तो खुशाल लिहावा. ती लढाई कोणाविरुद्ध होती, पगार काय होता, पलटण कधी मोडली, हेही लिहावे. पण त्यासाठी आधी पदक उरले पाहिजे.

शेवटची गोष्ट मालकीची. पदक कुटुंबाचे, पेटी वस्तीची. देणाऱ्याला दोन प्रतींत पावती द्यावी, तिच्यात कडेवरचा मजकूर अक्षरश: उतरवावा आणि पदकाचे तिन्ही बाजूंचे फोटो जोडावेत. कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात. एक विहाराच्या समितीकडे, दुसरी पदके देणाऱ्या घरांपैकी एखाद्या बाईकडे. ट्रंकेतली ती चिंधी इतकी वर्षे त्याच बायांनी सांभाळली आहे.