पहिले रिव्हॉल्व्हर आणि शिकाऱ्याची जबाबदारी

अमेरिकेत हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात केली जाते. बहुतेक शिकारी रायफल किंवा धनुष्यबाण वापरतात. काही जण मात्र मुद्दाम रिव्हॉल्व्हर घेऊन रानात उतरतात. अशा नवख्यासमोर पहिला प्रश्न असतो, सराव आणि शिकार या दोन्हींना चालेल असे रिव्हॉल्व्हर कोणते? या शस्त्राच्या इतिहासातच त्याचे उत्तर सापडते.

रिव्हॉल्व्हर मुळात शिकारीसाठी जन्माला आले नाही. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली त्याचे अमेरिकन पेटंट घेतले. १८७३चे कोल्ट तर थेट लष्करात गेले. जवळच्या माणसावर झाडायचे हे हत्यार होते. दूरच्या जनावराला एका गोळीत संपवणे हे त्याचे काम नव्हते.

१९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने .३५७ मॅग्नम आणले आणि चित्र बदलले. जुन्या .३८ स्पेशल काडतुसाचीच ही लांब आणि कितीतरी जोरकस आवृत्ती. लांबी मुद्दाम सुमारे ३ मिलिमीटरने वाढवली होती, म्हणजे हे काडतूस जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. उलट .३८ स्पेशल मात्र .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये आरामात चालते. गोळीचा व्यास दोन्हींत जवळपास एकच.

आयडाहोचे शिकारी-लेखक एल्मर कीथ यांचे एवढ्यावर समाधान नव्हते. .४४ स्पेशल काडतुसात जड गोळी आणि जास्त दारू भरून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांच्या पाठपुराव्यातून १९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम अवतरले. रुगर कंपनीने .३५७चे ब्लॅकहॉक १९५५ साली आणि .४४चे १९५६ साली बाजारात आणले. दणकट, साधे आणि तुलनेने स्वस्त असल्याने सामान्य शिकाऱ्याला ते परवडले.

ताकदीचा प्रश्न इथे सुटला, नेमाचा नाही. .४४ मॅग्नमचा धक्का मोठा आणि आवाज कानठळ्या बसवणारा. नवखा माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, मनगट हलते आणि गोळी भरकटते. ही खोड एकदा लागली की मोडता मोडत नाही. म्हणून जाणकारांचा कल सहा इंची नळीच्या .३५७कडे असतो. त्यात .३८ची सौम्य, स्वस्त काडतुसे घालून शेकडो वेळा सराव करता येतो. रानात जाताना काडतूस तेवढे बदलायचे. अर्थात हरणासाठी .३५७ ही खालची मर्यादा मानली जाते आणि तीही जवळच्या अंतरावर. हात बसला की .४४ आहेच, त्यातही .४४ स्पेशलवर सराव होतो. अनेक राज्यांत शिकारीच्या हत्याराबाबत वेगळे नियम आहेत, ते आधी पाहावे लागतात.

शिकाऱ्यांची एक जुनी कसोटी आहे. हरणाचे हृदय आणि फुफ्फुसे यांची जागा साधारण आठ इंची कागदी ताटलीएवढी असते. ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी त्या ताटलीत बसते, तीच तुमची मर्यादा. कोणाची २५ यार्ड, कोणाची ५०. त्यापलीकडचे हरीण जाऊ द्यायचे. चुकलेल्या नेमाची किंमत शिकारी मोजत नाही. पोटात गोळी घेऊन झाडीत शिरलेले जनावर तासन् तास तडफडत ती मोजते.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. तरीही या इतिहासातली एक गोष्ट कुठल्याही हत्याराला लागू पडते. ते विकत घेतल्याने हाताला ताकद मिळते, पण ते उचलण्याचा अधिकार सरावाने आणि संयमानेच मिळवावा लागतो.