भारतीय पुरुष फुटबॉल संघ : प्रशिक्षण आणि व्यवस्थापनाचे प्रश्न

भारतीय पुरुष फुटबॉल संघ हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (स्थापना १९३७) अखत्यारीतला राष्ट्रीय संघ. आशियाई क्रीडास्पर्धांतील दोन सुवर्णपदके (१९५१, १९६२), १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक आणि १९६४ च्या आशिया चषकाचे उपविजेतेपद ही या संघाची मोठी कमाई. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिफाच्या क्रमवारीत तो १४२ व्या स्थानावर होता आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारे त्याला बंद झाली होती. पराभवानंतर प्रशिक्षकाला घरी पाठवायचे, ही महासंघाची जुनी रीत आहे. मात्र गेल्या पाऊणशे वर्षांतले प्रशिक्षक एकापुढे एक ठेवून पाहिले, तर कोण शिकवतो यापेक्षा शिकवायला खेळाडू किती दिवस मिळतात आणि ते कोण ठरवते, यावरच निकाल अधिक अवलंबून राहिलेला दिसतो.

सुवर्णकाळाचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिस हा त्यांनी घडवलेला संघ, आणि राष्ट्रीय संघातले अनेक खेळाडू तिथूनच आलेले. वर्षभर रोजच्या सरावात हाताखाली असलेली मुलेच भारताकडून खेळत, त्यामुळे शिबिर सुरू होण्याआधीच निम्मे काम झालेले असे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुतले. अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले होते. महासंघाने त्यानंतर बूट सक्तीचे केले. चारच वर्षांनी मेलबर्नमध्ये रहीम यांच्याच हाताखाली भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू.

जकार्ताची १९६२ ची आशियाई स्पर्धा रहीम यांच्या कामाची पद्धत दाखवते. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. हवेतल्या चेंडूवर डोके घालण्याची वेळ बचावात सारखी येणार, म्हणून त्यांना बाकावर बसवणे हा सरळ उपाय होता. रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात जर्नेल यांनी गोल केला, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. प्रेक्षक पूर्णपणे भारताच्या विरोधात असताना संघ २-१ असा जिंकला. खेळाडूची नस इतकी ठाऊक असायला सहवास लागतो, आणि रहीम यांना तो मिळाला होता. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी पुढे कोण, याची तयारी कोणी केलेली नव्हती.

त्यानंतर इंग्रज प्रशिक्षक हॅरी राइट यांच्या काळात १९६४ चे उपविजेतेपद मिळाले. १९७० मध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धेचे कांस्यपदकही आले. मग उतरण लागली. जपान, कोरिया आणि पश्चिम आशियाई देश व्यावसायिक लीग उभारत होते. भारतात मात्र कोलकाता, गोवा आणि मुंबईच्या स्पर्धा आपापल्या चालीने चालत राहिल्या.

१९९० नंतर परदेशी प्रशिक्षकांची रीघ लागली. हंगेरीचे योझेफ गेलेई, झेक प्रजासत्ताकाचे यिरी पेसेक, उझबेकिस्तानचे रुस्तम अक्रामोव्ह, इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि बॉब हॉटन, नेदरलँड्सचे विम कोव्हरमान्स. प्रत्येकाच्या खेळाची शाळा वेगळी, आणि एकाचे काम दुसऱ्याने पुढे न्यावे अशी सोय नाही. अक्रामोव्ह यांच्या काळात बायचुंग भुतियाने पदार्पण केले, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये भारताने क्रमवारीत ९४ वे स्थान गाठले. ते आजवरचे सर्वोत्तम स्थान आहे. मार्च २०१५ मध्ये संघ १७३ व्या क्रमांकापर्यंत घसरला, २०१७ मध्ये ९६ व्या क्रमांकावर चढला. देशातल्या फुटबॉलमध्ये तेवढ्या अवधीत इतका कायापालट झालेला नव्हता. चढ-उतार बऱ्याच अंशी कोणाशी किती सामने खेळले आणि संघ किती काळ एकत्र राहिला, याचे होते.

हॉटन (२००६–११) यांना इतरांच्या मानाने अधिक मोकळीक मिळाली. २००८ चा एएफसी चॅलेंज चषक जिंकून भारत तब्बल २७ वर्षांनी २०११ च्या आशिया चषकात पोहोचला. दिल्लीतल्या त्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीने ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल केले होते. कतारमधल्या दोहात झालेल्या त्या स्पर्धेच्या तयारीसाठी संघाला परदेशात लांब शिबिरे मिळाली. तरीही ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५ आणि दक्षिण कोरियाकडून १-४ असे तिन्ही सामने संघ हरला. केवळ शिबिराने चमत्कार होत नाही हे मान्यच करायला हवे. पण या संघाने आशियातल्या बलाढ्यांविरुद्ध तीन गोल केले होते. तेरा वर्षांनी त्याच देशात, अपुऱ्या तयारीने उतरलेल्या संघाला एकही करता आला नाही.

हॉटन गेल्यावर धुरा गोव्याकडे आली. डेम्पोला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे आर्मांदो कुलासो यांना जेमतेम काही महिने मिळाले. त्यांच्यानंतर सावियो मेदेरा आले, त्यांनी २०११ ची सॅफ स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी तेही गेले. यानंतर तेरा वर्षे कायम प्रशिक्षकपदी भारतीय माणूस नेमला गेला नाही.

२०१९ च्या आशिया चषकात कॉन्स्टंटाइन यांच्या संघाने थायलंडला ४-१ असे नमवून सुरुवात केली. शेवटच्या साखळी सामन्यात बहारीनशी बरोबरी साधली असती तर बाद फेरीची आशा होती. सामन्याच्या अखेरच्या क्षणी पेनल्टी गेली, ०-१ असा पराभव झाला आणि त्याच रात्री कॉन्स्टंटाइन यांनी पद सोडले.

त्यांच्यानंतर आलेले इगोर स्टिमाच १९९८ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवलेल्या क्रोएशियाचे बचावपटू. त्यांची पाच वर्षे (मे २०१९–जून २०२४) या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये छेत्रीविना उतरलेल्या संघाने दोहात आशियाई विजेत्या कतारला ०-० असे रोखले आणि पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशशी १-१ अशी बरोबरी पत्करली. २०२३ च्या उन्हाळ्यात संघ दीर्घकाळ एकत्र राहिला, त्या काळात त्याने इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि सॅफ स्पर्धा जिंकून ९९ वे स्थान गाठले. सॅफमध्ये स्टिमाच यांना दोनदा लाल कार्ड मिळाले. त्यांच्या गैरहजेरीत गोव्याचे सहायक प्रशिक्षक महेश गवळी यांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यात संघ हाताळला आणि करंडक मिळवला. संघ एकत्र असेल तर बाकावरचा माणूस बदलूनही निभावते, याचा हा पुरावा.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच्या उलट घडले. आधी तर संघ जाणार की नाही हेच ठरत नव्हते. आशियातल्या पहिल्या आठांत असलेल्या संघांनाच पाठवायचे, असा क्रीडा मंत्रालयाचा निकष होता. स्टिमाच यांनी पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले आणि अपवाद म्हणून परवानगी मिळाली. ही स्पर्धा फिफाने राखून ठेवलेल्या तारखांबाहेरची, त्यामुळे खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नव्हते. इंडियन सुपर लीगचा हंगाम तोंडावर असल्याने अनेकांनी ते सोडले नाहीत. नावे शेवटपर्यंत बदलत राहिली. जुळवाजुळव करून उभा केलेला संघ चीनविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हांगझोऊत उतरला. सराव नाही, विश्रांती पुरेशी नाही. मध्यंतराच्या तोंडाशी राहुल के. पी. याने अवघड कोनातून गोल करून १-१ अशी बरोबरी केली. दुसऱ्या सत्रात मात्र पाय जड झाले आणि चार गोल झाले. ५-१ हा आकडा प्रशिक्षकाच्या खाती लिहिला गेला. त्यातला किती भाग त्याचा आणि किती वेळापत्रक आखणाऱ्यांचा, हे ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना सांगावे लागत नाही.

जानेवारी २०२४ च्या आशिया चषकासाठी स्टिमाच यांनी चार आठवड्यांचे शिबिर मागितले होते. लीग डिसेंबरच्या अखेरपर्यंत चालू राहिल्याने हाती जेमतेम दोन आठवडे आले. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून संघ हरला. मार्चमध्ये गुवाहाटीत, छेत्रीच्या १५० व्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, अफगाणिस्तानने २-१ असे हरवले. जूनमध्ये कतारविरुद्ध चेंडू रेषेबाहेर गेल्यानंतरही गोल दिला गेला, विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली आणि काही दिवसांत स्टिमाच यांना काढण्यात आले. त्यांचा करार आदल्या ऑक्टोबरातच २०२६ पर्यंत वाढवलेला होता. भरपाईच्या वादानंतर महासंघाने ४ लाख डॉलर मोजून तो मिटवला. ही रक्कम तीन कोटी रुपयांहून अधिक होते. कुमार गटांसाठी पैसा अपुरा पडणाऱ्या देशात एवढी रक्कम निव्वळ करार घाईने वाढवल्यापायी जावी, ही दुखणारी गोष्ट आहे.

पुढची नेमणूक अधिक विलक्षण होती. जुलै २०२४ मध्ये मानोलो मार्केझ यांना राष्ट्रीय प्रशिक्षक नेमले, पण २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत एफसी गोवाचे प्रशिक्षकपदही सांभाळायची मुभा दिली. रोजच्या सरावात असलेल्या गोव्याच्या खेळाडूंकडून मार्केझ यांनी लीगमध्ये दुसरे स्थान आणि सुपर चषक मिळवून घेतला. भारताबरोबर त्याच माणसाने आठ सामन्यांत एकच विजय पाहिला, तोही मालदीवविरुद्ध. निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावे लागले. १० जून २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीने ०-१ असा पराभव झाला आणि जुलैच्या सुरुवातीला मार्केझ बाजूला झाले. एकाच वर्षी, एकाच प्रशिक्षकाच्या या दोन निकालपत्रिका शेजारी ठेवल्या की रहीम यांच्या पोलिस संघाची आठवण होते.

आघाडीवीरांचा तुटवडा हा स्वतंत्र आणि खोल प्रश्न आहे. क्लब परदेशी खेळाडूंपैकी एक जागा हमखास नऊ नंबरच्या जर्सीला देतात. त्यामुळे भारतीय मुले कडेने धावायला, नाही तर मधल्या फळीत जायला शिकतात. २०२४-२५ च्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय, १४ गोलांसह, छेत्रीच होता. क्लबचे हिशेब पाहता प्रशिक्षकांनी वेगळे का करावे, हेही खरे. त्यांची नोकरी पुढच्या तीन सामन्यांवर अवलंबून असते. यावर नियमातूनच मार्ग निघू शकतो, पण आजवरचा नियम अपुरा पडला. मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या सहावरून टप्प्याटप्प्याने चारवर आणली गेली, तरी गोलासमोरची जागा परदेशी खेळाडूकडेच राहिली.

खेळाडू घडवणारी ठिकाणे टिकत नाहीत, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पुणे एफसी, मुंबई एफसी आणि एफसी पुणे सिटी त्यानंतरच्या दशकात गेले. पुण्यातल्या डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत लालियानझुआला छांगटे घडला, आज तो देशातला अव्वल विंगर आहे. तो संघ मात्र २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. महासंघाचा स्वतःचा युवा संघ इंडियन ॲरोज दोनदा सुरू झाला आणि दोनदा बंद पडला.

महासंघाची स्थितीही याहून स्थिर नव्हती. महाराष्ट्राचे प्रफुल्ल पटेल अध्यक्षपदी मुदतीपलीकडे राहिले, सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली आणि बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला काही दिवस निलंबित केले. नंतरच्या निवडणुकीत माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी भुतियाला ३३-१ असे हरवले. इंडियन सुपर लीगचे व्यावसायिक हक्क २०१० च्या पंधरा वर्षांच्या करारानुसार रिलायन्सशी संबंधित कंपनीकडे होते. तो संपत आला तरी पुढचे ठरले नाही, आणि जुलै २०२५ मध्ये लीगच लांबणीवर पडली. क्लबांनी सराव थांबवले.

अशा वेळी, ऑगस्ट २०२५ मध्ये, खालिद जमील यांच्याकडे संघ आला. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले, मुंबई एफसीला वर्षानुवर्षे तगवणारे आणि २०१६-१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारे जमील कमी साधनांत काम काढण्यासाठी ओळखले जातात. ताजिकिस्तानातल्या नेशन्स चषकाला मोहन बागानने खेळाडू दिले नाहीत. तरी यजमानांना हरवून आणि ओमानला टायब्रेकरमध्ये नमवून भारताने तिसरा क्रमांक मिळवला. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरविरुद्ध छांगटेने चौदाव्या मिनिटाला दुरून सुरेख गोल केला. पण सोंग उई-योंगच्या दोन गोलांनी सामना १-२ असा गेला, आणि त्याबरोबर आशिया चषकही.

जुलैमध्येच महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून २०२६ च्या आशिया चषकाचे तिकीट मिळवले होते. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांच्या या संघाला स्पर्धेआधी बंगळूरमध्ये दीर्घ शिबिर मिळाले होते. महासंघ तोच होता.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंचा मार्गही अरुंद आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताने जपानी पारपत्र सोडले, तेव्हाच त्याला भारताची जर्सी मिळाली. बांगलादेशाने दरम्यान इंग्लंडमध्ये घडलेल्या हमझा चौधुरीला संघात आणले. आईकडून मुंबईशी नाते असलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात तो संघाबरोबर होता, पण आवश्यक मंजुरी वेळेत न आल्याने खेळू शकला नाही. शेख मोरसालिनच्या अकराव्या मिनिटाच्या गोलावर बांगलादेशने १-० असा विजय मिळवला. २००३ नंतर भारताविरुद्ध त्यांचा हा पहिला विजय होता.