डांग्या

आजच्या पोरांना डांग्या खोकला हे नाव माहीत असतं, आवाज माहीत नसतो. आमच्या पिढीला तो आवाज माहीत आहे. दहा-पंधरा ठसके एका दमात, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. तोंड लाल, मग निळसर, जीभ बाहेर, डोळ्यांतून पाणी. शेवटी श्वास आत ओढताना गळ्यातून कोंबडा आरवल्यासारखा लांब आवाज, आणि त्यावर उलटी. पोर गळून पडायचं. थोड्या वेळानं पुन्हा तेच, रात्री तर जास्तच. दोन-दोन, तीन-तीन महिने हे चालायचं.

मी सांगतोय ते १९६९ सालचं. मी तिसरीत होतो. आंबिवली म्हणजे कल्याणच्या पुढं, शहाड आणि टिटवाळ्याच्या मधलं स्टेशन. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मोहने आणि तिथली एन.आर.सी. कंपनी. आम्ही शेतावर राबायचो आणि भोंग्यावर वेळ ओळखायचो. कंपनीमुळं कोकणातून, खानदेशातून, पार उत्तर प्रदेशातून माणसं आली. चाळी उठल्या. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. शाळेत आमच्या बाकावर तीन गावांची पोरं. डांग्याला याच्यापेक्षा चांगलं शेत कुठलं मिळणार?

भात कापून झालं आणि शाळेत खोकला सुरू झाला. मलाही लागला. मी मोठा होतो, खाऊन-पिऊन होतो. ठसका आला की भिंतीला धरून खोकायचो, ओकायचो आणि पुन्हा खेळायला पळायचो. आई खळ्यावर झोडणीला जायची. घरात धाकटी बहीण होती, अडीच महिन्यांची. तिला मांडीवर घेऊन बसायचं काम माझं.

दहा-बारा दिवसांनी धाकटी खोकायला लागली. पण तिचा खोकला वेगळा. कोंबड्याचा तो आवाज तिनं एकदाही काढला नाही. दोन-तीन बारीक ठसके, आणि मग एकदम गप्प. श्वासच नाही. ओठ जांभळे पडायचे. आई पाठीवर थापटायची, तोंडावर पाणी मारायची, मग पोर परत श्वास घ्यायची. आवाज नव्हता म्हणून कुणी डांग्या म्हटलं नाही. आजी म्हणाली, "नदर लागली पोरीला."

मग जे ज्याला सुचेल ते झालं. अडुळशाचा रस मधातून, काकडशिंगी उगाळून, हळद. गाढवीण घेऊन फिरणाऱ्याकडून दोन चमचे दूध. भगताचा दोरा गळ्यात. शेजारचं कुणीतरी म्हणालं, पोटावर चटका द्या, खोकला जळून जातो. आईनं पोरीला पदराखाली घेतलं आणि चटका देऊ दिला नाही. पंचक्रोशीत अशा चटक्यांचे डाग घेऊन वाढलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून आईचं ते मोठेपण मला आज कळतं. नवव्या दिवशी सकाळच्या गाडीनं कल्याणला न्यायचं ठरलं होतं. पहाटेच ती गेली. एका वेळी श्वास थांबला तो परत आला नाही.

मयत नोंदवताना खोकला आणि ताप एवढंच सांगितलं गेलं. जुन्या काळापासून गावच्या नोंदीत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, छातीचे विकार अशीच मोठी मोठी खाती असायची. सांगणारा घरचा माणूस, लिहिणारा गावचा पाटील. डांग्यानं मेलेलं पोर तापाच्या नाहीतर छातीच्या खात्यात जायचं. म्हणून किती पोरं गेली याचा आपल्याकडं खरा हिशोबच नाही. देवीचं तसं नव्हतं. देवीला खातं होतं, टोचणारा माणूस होता. मुंबईत १८०२ साली ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची पहिली लस टोचली, आणि १९७५ साली देवीचा रोगच देशातून गेला. डांग्याच्या वाट्याला असं कुणी लवकर आलं नाही.

रोग मात्र जुना. १५७८ साली पॅरिसमध्ये याची साथ आली, ती एका फ्रेंच वैद्यानं लिहून ठेवली. जंतू सापडला १९०६ साली, बेल्जियमच्या बोर्दे आणि जांगू या दोघांना. लस पुष्कळांनी करून पाहिली, पण खात्रीनं लागू पडणारी केली ती अमेरिकेतल्या दोन बायांनी, पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग यांनी. १९३२ च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, कामाची वेळ संपल्यावर त्या ग्रँड रॅपिड्स गावात घरोघर जायच्या आणि खोकणाऱ्या पोरांच्या तोंडापुढं काचेची ताटली धरायच्या. त्या ताटलीवर जंतू वाढवून त्यांनी लस केली. पुढं त्यात घटसर्प आणि धनुर्वाताची लस मिसळून त्रिगुणी झाली.

म्हणजे माझी बहीण गेली तेव्हा लस जगात होती. शहरातल्या डॉक्टरांकडंही होती. आमच्यापर्यंत ती आली नव्हती. सरकारचा लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ साली निघाला, त्याचा भर शहरांवर. १९८५ पासून तो जिल्ह्या-जिल्ह्यांत, खेड्यापाड्यांत न्यायला सुरुवात झाली. १९८७ साली देशात डांग्याचे सुमारे १ लाख ६३ हजार रोगी नोंदले गेले होते, २०११ साली ते ३९ हजारांवर आले. नोंदी अपुऱ्याच, पण उतार खरा आहे. आमच्या आळीतला तो रात्रीचा आवाज आमच्या डोळ्यांदेखत बंद झाला.

१९९२ साली माझ्या पोराला त्रिगुणीचा डोस द्यायला नेलं होतं. मी नर्सबाईंना सहज बहिणीची हकीकत सांगितली आणि म्हटलं, तिला काय झालं कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, तो डांग्याच. तान्ह्या पोरांना आवाज काढायची ताकदच नसते, त्यांचा श्वासच थांबतो. आणि तान्हं कुठं जातं बाहेर? घरातलं मोठं पोर घेऊन येतं."

मी पोराला उचललं आणि चालत घरी आलो. वाटेत दिवस मोजले. माझा खोकला आधी, तिचा दहा-बारा दिवसांनी. रोग अंगात रुजायला सात ते दहा दिवस लागतात. एका घरातल्या दहा कच्च्या माणसांतल्या आठ-नऊ जणांना तो लागतो. आणि ती माझ्याच मांडीवर असायची.

दोन वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. एकदा लावणीच्या दिवसांत बांधावर भाकर खाताना आईला सांगितलं. ती भाकर मोडत राहिली. मग म्हणाली, "बाला, मला तवाच समाजलं व्हतं. तुझा खोकला नि तिचा खोकला, घर एकच. पन आठ वरसांच्या पोराला सांगून काय करू? एक गेली, दुसऱ्याला जलमभर रडवत ठेवू?" आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

हे लिहायचं कारण, रोग गेलेला नाही. दर तीन-चार वर्षांनी तो डोकं वर काढतो. लसीचा जोर पाच-दहा वर्षांत ओसरतो, म्हणून मोठ्या माणसाला तो साध्या खोकल्यासारखा येतो आणि तोच खोकला तान्ह्याला जातो. १९७० नंतर इंग्लंडात लसीनं मेंदूला इजा होते अशी भीती पसरली, लोकांनी लस सोडली, आणि दोन-चार वर्षांत साथी परत आल्या. शिकलेल्या देशात ही गत.

आमच्याकडं लस नको म्हणणारे थोडे. पण पोराची मांडी सुजली, ताप आला म्हणून पुढचा डोस चुकवणारे पुष्कळ. दिवाळीनंतर वीटभट्टीवर कातकरी कुटुंबं येतात. कार्ड पाड्यावर, पोर भट्टीवर. पहिला डोस दीड महिन्याला, मग अडीच, मग साडेतीन. आता त्रिगुणीच्या जागी पाच रोगांची लस आहे, फुकट आहे. पण पहिला डोस महिनाभर उशिरा झाला तर तेवढा महिना ते पोर माझ्या बहिणीसारखंच उघडं असतं.

एन.आर.सी. २००९ साली बंद पडली. भोंगा गेला, शेतावर इमारती आल्या, आई गेली. माझ्या शेताच्या कडेला अजून एक भट्टी लागते. हंगाम सुरू झाला की आशाताईंना बोलावून मी भट्टीवर घेऊन जातो आणि विचारतो, "तान्हं कुणाकडं आहे?" आणि घरात नातीला घ्यायला कुणी खोकत आला तर, पाहुणा असो की जावई, त्याला मी आधी ओटीवर बसवतो. राग आला तरी चालतो.